एकच ट्रे, एकच दाणा, पण रेझिस्टन्स जागोजागी हजारो पटींनी वेगळा. असं का?

भोसरीचा_मोल्डर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसताच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लेखनात चुका असतील तर सांभाळून घ्या.

माझं भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. बादल्या, क्रेट, झाकणं यांवर हात बसलेला. यंदा एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या गिऱ्हाइकासाठी काळे अँटिस्टॅटिक ट्रे घेतलेत, सर्किट बोर्ड ठेवायचे. पॉलिप्रॉपिलिनमध्ये कार्बन ब्लॅक मिसळलेला तयार दाणा येतो, आपण हॉपरमध्ये ओतायचा आणि शॉट मारायचा. अट एकच: पृष्ठभागाचा रेझिस्टन्स दहा लाख ओहम ते एक अब्ज ओहम यांच्या मध्ये हवा.

आता भानगड. ट्रेच्या तळाला मधोमध मीटर ठेवला की काही कोटी ओहम, म्हणजे पास. कप्प्यांच्या पातळ भिंतींवर तोच मीटर शंभर अब्जाच्या वर. आणि दाण्याच्या पुरवठादाराने दिलेल्या कागदावर लिहिलंय दहा हजार ओहम! त्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, सेटिंग बघा." इंजेक्शनचं प्रेशर आणि स्पीड वाढवला तर आणखीच बिघडलं. बॅरलचं टेंपरेचर वाढवल्यावर जरा सुधारलं. त्यात गिऱ्हाइकाच्या लॅबने ट्रे ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून मोजला, तर आकडा अजून वर.

तांब्याची तार दाबा, तापवा, एवढा फरक कधी पडत नाही. प्लास्टिकच्या मिश्रणातच असं काय आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

आगाऊ_आत्मा | सोमवार, रात्री १०:५५

प्रेशर वाढलं की रेझिस्टन्स वाढतो, हा नियम आमच्या ऑफिसातही लागू आहे. (हलकेच घ्या.) चिवडा घेऊन बसलोय, येऊ द्या.

---

दाणेवाला | मंगळवार, सकाळी ७:२०

भाऊ, पुरवठादार खोटं बोलत नाहीये आणि तुमचं मशीनही बिघडलेलं नाही. उभं आयुष्य कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकमध्ये भर मिसळून दाणा करण्यात गेलं, हे भांडण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लढलोय.

कागदावरचा दहा हजार हा आकडा बहुतेक वेळा प्रेसवर केलेल्या चकतीचा असतो. दाणा दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये ठेवायचा, निवांत वितळू द्यायचा, दाबायचा, सावकाश गार करायचा. माल जागचा फारसा हलत नाही. तुमच्याकडे तोच माल अरुंद गेटमधून (माल मोल्डमध्ये शिरतो ते तोंड) क्षणात ढकलला जातो आणि गार मोल्डला टेकला की गोठतो. दाणा एक, पण घडलेली वस्तू वेगळी.

पॉलिप्रॉपिलिन स्वतः वीज नेत नाही, नेतो तो कार्बन. कार्बनचे कण ओढ्यातल्या दगडांसारखे समजा. दगड एकमेकांना चिकटलेलेच हवेत असं नाही, उडी पोचेल एवढं अंतर असलं तरी माणूस पलीकडे जातो. पण मधला एक दगड जरा लांब गेला की वाटच बंद. गोल कण निव्वळ नशिबावर विखुरले तर घनफळाच्या साधारण १६ टक्के जागा भरल्यावर पहिली सलग वाट जुळते, हे शेर आणि झालेन यांनी १९७० मध्ये मांडलं. कार्बन ब्लॅकचे कण गोळे नसतात, द्राक्षाच्या घडासारखे फांद्या फुटलेले असतात, म्हणून त्यांना कमी पुरतं. कंडक्टिव्ह ग्रेडचा साधा ब्लॅक वजनाने १०-२० टक्के लागतो. केटजेनब्लॅकसारखा महागडा, ग्रॅमला हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असलेला घेतला तर दोन-तीन टक्क्यांतही काम होतं.

आता मेख इथे आहे. ती वाट जुळण्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे रेझिस्टन्स प्रचंड, पलीकडे अगदी कमी, आणि मध्ये सरळ कडा. एक-दोन टक्के कार्बनने लाखो पटींचा फरक. तुमच्या गिऱ्हाइकाला हवा असलेला दहा लाख ते अब्ज हा पट्टा नेमका त्या कड्याच्या मधोमध येतो! कड्यावर उभं राहिलेल्याला कुणीही धक्का दिला की तो पडणार. तुमच्याकडे धक्का देतोय पातळ भिंतीतला वेग.

एक गंमत करून बघा. नापास भिंतीचा वरचा थर पॉलिश पेपरने हलकेच खरवडा, पुसून घ्या आणि पुन्हा मोजा. मग बोलू.

---

विद्युल्लता | मंगळवार, दुपारी १:०५

काकांना दुजोरा. पॉलिमर मिश्रणांच्या विद्युत गुणधर्मांवरच माझं काम चालतं, त्यामुळे राहवत नाही.

मोल्डरदादा, तुमचा तांब्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. शंभर अंशांनी तापवलं तरी दीडपटही होत नाही. कारण तिथे इलेक्ट्रॉन सलग धातूतून जातो. तुमच्या ट्रेमध्ये दोन कणांच्या मध्ये प्लास्टिकची पातळ फट असते आणि इलेक्ट्रॉन ती फट टनेलिंगने, म्हणजे अडथळ्यातून आरपार निसटून पार करतो. या प्रक्रियेचा स्वभाव असा की फट सरळ रेषेत वाढली तरी प्रवाह घातांकाने घटतो. एका नॅनोमीटरच्या फरकाने प्रवाह अनेक पटींनी बदलतो. त्यामुळे दाब आणि तापमान यांचा परिणाम समजून घ्यायचा असेल तर फटींवर काय परिणाम झाला हे आधी बघायचं.

६० अंशांना तुमचा आकडा वर गेला त्याचं कारण हेच: पॉलिप्रॉपिलिन फुगलं, कार्बन जवळपास तेवढाच राहिला, फटी रुंदावल्या. हा परिणाम तुमच्या ६० अंशांना सौम्य आहे. मिश्रणाचा वितळबिंदू जवळ आला की तो अक्राळविक्राळ होतो.

"दाब" या एका शब्दाखाली मात्र तुम्ही वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजताय. मशीनवर इंजेक्शन प्रेशर आणि स्पीड वाढवता तेव्हा वितळलेला माल जोरात घासत वाहतो. त्या घसटीत कार्बनच्या साखळ्या तुटतात, कण प्रवाहाच्या दिशेने ओढले जातात, आणि मोल्डच्या भिंतीलगत कार्बन कमी असलेली कातडी तयार होते. मोल्ड भरल्यावरचा दाब वेगळा: पोकळीत ८० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ८०० बार दाब असेल तर पॉलिप्रॉपिलिन नेहमीपेक्षा वीसेक अंश आधीच गोठायला बघतं. तुटलेल्या साखळ्या वितळलेल्या मालात शांतपणे ठेवल्या तर आपोआप पुन्हा जुळतात, माल जितका गरम आणि पातळ तितक्या लवकर. पण त्यांना वेळच मिळत नाही. बॅरलचं तापमान वाढवल्यावर तुमचं सुधारलं ते यामुळे.

आणि तयार वस्तूवर बाहेरून दिलेला दाब ही तिसरीच गोष्ट. तिथे फटी अरुंद होतात आणि रोध सहसा कमी होतो. म्हणून "दाबाने रोध वाढतो की घटतो" याला एका ओळीचं उत्तर नाही.

---

भोसरीचा_मोल्डर | मंगळवार, रात्री ९:३०

दाणेवाला काका, खरवडलं. शंभर अब्जाच्या वर असलेली भिंत थेट काही लाखांवर आली! पोराला बोलावून दाखवलं. म्हणजे आतून माल बरोबर आहे आणि वरच्या कातडीनेच घोळ केलाय?

ताई, तुमचं उत्तर रात्री पुन्हा वाचणार आहे, एका दमात पचलं नाही.

---

दाणेवाला | बुधवार, सकाळी ६:५०

कातडीनेच. पण गिऱ्हाइक कातडीच मोजतो, त्यामुळे त्याला खरवडून दाखवू नका.

खात्री करायची असेल तर नापास ट्रे तोडा, चुरा प्रेसवर २०० अंशांच्या वर सावकाश दाबून चकती करा, सावकाश गार करा आणि मोजा. आकडा दहा हजारांच्या आसपास परत आला तर दाणा निर्दोष. नाही आला तर एकतर कार्बन कमी आहे, नाहीतर स्क्रूने घडांच्या फांद्या मोडून टाकल्यात. कार्बनचं प्रमाण टीजीएवर (नमुना तापवत त्याचं वजन मोजणारं यंत्र) कळतं. प्रेस किंवा टीजीए जवळ नसेल तर सिपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रात विचारा.

सेटिंगमध्ये: स्पीड कमी, बॅक प्रेशर (माल वितळवताना स्क्रूवर मागून ठेवलेला दाब) कमी, मोल्डचं पाणी गरम, बॅरल दाण्याच्या मर्यादेत जमेल तितकं वर. सायकल टाइम वाढेल, ते भावात धरा. आणि गेट लहान असेल तर मोठा करून घ्या.

---

हौशी_झाळकाम | बुधवार, सकाळी ११:१५

वाचनखूण साठवली. वितळबिंदूजवळ रोध अक्राळविक्राळ होतो असं ताईंनी लिहिलंय, त्यावरून आठवलं: सर्किटमध्ये ज्या पिवळ्या गोल रीसेट होणाऱ्या फ्यूज लावतो, पॉलिफ्यूज म्हणतात त्या, त्या याच तत्त्वावर ना? लोड जास्त झाला की बंद, गार झाली की चालू. आत नेमकं काय असतं? आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या पेटीत बसवलेली फ्यूज विनाकारण का उडते?

---

विद्युल्लता | बुधवार, संध्याकाळी ७:४०

हो, आणि या विषयातलं ते सगळ्यात देखणं उदाहरण आहे. मोल्डरदादांच्या डोकेदुखीवर कुणीतरी पैसे कमावले.

आत असतं हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन आणि भरपूर कार्बन ब्लॅक. नेहमीच्या तापमानाला पॉलिएथिलीनचे स्फटिक कार्बनला आत घेत नाहीत, बाजूच्या अस्फटिक भागात ढकलतात. तिथे कार्बनची गर्दी होते आणि वाट उत्तम जुळते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फ्यूज स्वतःच तापते. १३० अंशांच्या आसपास स्फटिक वितळतात. घन अवस्थेत ०.९५ असलेली घनता वितळल्यावर ०.७८ पर्यंत येते, म्हणजे घनफळ पाचव्या हिश्शाने वाढतं. कार्बन विरळ होतो, वाट तुटते, रोध हजारो-लाखो पटींनी उसळतो आणि प्रवाह थेंबभर उरतो.

पण साधं मिश्रण आणखी तापवलं तर रोध पुन्हा खाली येतो. वितळलेल्या मालात कार्बन मोकळा फिरतो आणि साखळी नव्याने जुळवतो, वर काकांनी चकतीत जे मुद्दाम घडवायला सांगितलं तेच. फ्यूजसाठी मात्र हे घातक. म्हणून पॉलिएथिलीनच्या साखळ्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने एकमेकींना बांधून टाकतात. मग स्फटिक वितळले तरी माल रबरासारखा राहतो, वाहत नाही, कार्बनला हिंडता येत नाही. रेकेम या अमेरिकन कंपनीचा १९५७ पासूनचा धंदाच किरणांनी प्लास्टिक बांधण्याचा. तिची पॉलिस्विच ही फ्यूज आणि पाइप तापवणाऱ्या, स्वतःचं तापमान स्वतः राखणाऱ्या केबल्स याच घरातल्या.

गच्चीवरचं कारण सरळ आहे. फ्यूजवर छापलेला प्रवाह २०-२३ अंशांचा असतो. पेटीत ६० अंश झाले तर ती त्याच्या साधारण दोनतृतीयांशच पेलते. उत्पादकाच्या कागदावर याचा तक्ता असतो, तो बघूनच मोठी निवडायची. शिवाय एकदा उडालेली फ्यूज गार झाल्यावर पूर्वीच्या रोधावर पूर्ण परत येत नाही, जरा वरच थांबते.

आणि दाबाचा मुद्दा इथेही आहे, लोक तो विसरतात. फ्यूजला फुगायला जागा लागते. तिच्यावर कडक एपॉक्सी ओतली किंवा दोन भागांत चेपून बसवली, तर ती फुगू शकत नाही आणि हवी तेव्हा तुटत नाही. वर पॉलिएथिलीनचा वितळबिंदू दाबाबरोबर चढतो, दर मेगापास्कलला अंशाचा पाव ते तिसरा हिस्सा. चेपलेल्या फ्यूजवर सुरक्षेसाठी विसंबू नका.

---

हौशी_झाळकाम | बुधवार, रात्री ८:०५

एपॉक्सी ओतायचाच बेत होता. रद्द. _/\_

---

पाचवं_सेमिस्टर | गुरुवार, दुपारी १२:३०

सर, मॅडम, मध्येच विचारतो. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट आहे: मधुमेहींच्या पायाच्या तळव्यावर कुठे किती दाब येतो ते बुटातल्या पॅडने मोजायचं, म्हणजे जखम व्हायच्या आधी कळेल. काळा व्हेलोस्टॅटचा (कार्बन मिसळलेल्या पॉलिएथिलीनचा) पत्रा दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये घातलाय. पण एकाच जागी स्थिर उभं राहिलं तरी रीडिंग हळूहळू सरकत राहतं. पाय काढला तरी शून्यावर येत नाही. टेबलवर कॅलिब्रेट केलेलं बुटात लागू पडत नाही. गाइड सर म्हणतात नॉइज आहे, फिल्टर लावा.

---

आगाऊ_आत्मा | गुरुवार, दुपारी १२:४०

परीक्षेआधीचे सगळे सिग्नल नॉइजच असतात, काळजी नको.

---

विद्युल्लता | गुरुवार, रात्री १०:१०

फिल्टर लावून हे जाणार नाही, कारण हा नॉइज नाही. पॉलिमर वजनाखाली हळूहळू सरकतं. वजन तेवढंच असलं तरी मिनिटामिनिटाला कण जवळ येत राहतात आणि रोध घसरत राहतो. वजन काढल्यावर ते तितक्याच आळसाने परततं. झटकन जोर दिला तर कधी रोध क्षणभर वाढलेलाही दिसेल, कारण नव्या वाटा जुळायच्या आत जुन्या तुटतात. बुटात तापमान टेबलापेक्षा जास्त, त्यामुळे पॉलिमर आणखी मऊ, त्यामुळे वक्रही वेगळा. शिवाय व्हेलोस्टॅटमध्ये हलक्या दाबाला जो बदल दिसतो त्यातला बराचसा पत्रा आणि तांबं यांच्या स्पर्शाचा असतो, आतल्या फटींचा नव्हे.

उपाय पूर्ण नाहीत, पण बरेच आहेत. पॉलिएथिलीनऐवजी सिलिकॉन रबरात कार्बन असलेला थर मिळवा, त्याची परतफेड चांगली असते. पट्ट्या आधीच हलक्या दाबाखाली चिकटवून टाका म्हणजे स्पर्शाचा गोंधळ कमी होईल. नवा पॅड वापरायच्या आधी भरपूर वेळा दाबून "मुरवून" घ्या. ज्यावर पाय पडत नाही असा एक तुकडा त्याच बुटात ठेवा आणि तापमानाची वजाबाकी त्याच्यावरून करा. आणि रोधाचा आलेख काढू नका, वाहकतेचा काढा. बलाशी वाहकतेचं नातं बरंच सरळ असतं.

वेळ असेल तर ब्रिटनच्या पेराटेक कंपनीने १९९० च्या दशकात आणलेल्या क्यूटीसी नावाच्या मिश्रणाबद्दल वाच. सिलिकॉनमध्ये काटेरी निकेलचे कण असतात. न दाबता तो चक्क इन्सुलेटर, दाबला की धातूसारखा वाहक. कण एकमेकांना टेकत नाहीत, काट्यांच्या टोकांवर विद्युत क्षेत्र एकवटतं आणि टनेलिंग सुरू होतं.

---

केबलपुराण | शुक्रवार, सकाळी ९:००

इतका वेळ सगळे कार्बनच्या मागे आहेत. आमच्या केबलवाल्यांचं दुखणं उलट: आम्हाला वीज अजिबात न नेणारं प्लास्टिक हवं असतं. तिथेही दाब आणि तापमान सोडत नाहीत.

घरच्या वायरपासून सुरुवात करा. पीव्हीसी म्हणजे रेझिन, प्लॅस्टिसायझर, चुना-बिना असं कडबोळंच. भारतीय मानकात त्याच्या आकारमान-रोधकतेची किमान मर्यादा २७ अंशांना एक आणि ७० अंशांना दुसरी दिलेली असते, आणि दोन्हींत हजारपट अंतर आहे. घरची साधी पीव्हीसीची वायर ७० अंशांपर्यंतच. बांधलेलं पॉलिएथिलीन, म्हणजे एक्सएलपीई, सतत ९० अंश आणि शॉर्ट सर्किटला क्षणभर २५० अंश पेलतं. पीव्हीसीला तिथे १६० ची मर्यादा.

एसी केबलमध्ये हे फारसं बोचत नाही, कारण तिथे इन्सुलेशनमधलं विद्युत क्षेत्र परमिटिव्हिटीवर (पदार्थ विद्युत क्षेत्राने किती ध्रुवित होतो त्यावर) वाटलं जातं आणि ती तापमानाने थोडीच बदलते. डीसीमध्ये मात्र क्षेत्र वाहकतेप्रमाणे वाटलं जातं आणि ती तापमानाने भराभर वाढते. लोड नसताना सगळ्यात जास्त ताण आतल्या कंडक्टरजवळ. लोड आला, कंडक्टर तापला, आतला थर जास्त वाहक झाला, की ताण बाहेरच्या कडेला पळतो. डिझाइन करणाऱ्याने दोन्ही टोकं सांभाळायची. त्यात इन्सुलेशनमध्ये अडकून राहिलेला चार्ज वेगळाच.

एक्सएलपीई पेरॉक्साइडने बांधतात तेव्हा ॲसिटोफिनोनसारखी उपउत्पादनं आत राहतात, ती डीसीला चालत नाहीत, म्हणून केबल दिवसेंदिवस गरम खोलीत ठेवून बाहेर काढावी लागतात. आणि एकदा बांधलेलं प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. म्हणून आता पॉलिप्रॉपिलिनकडे लोक वळलेत: वितळबिंदू १६० च्या वर, बांधायची गरज नाही. नुसतं पॉलिप्रॉपिलिन मात्र ताठ आणि थंडीत ठिसूळ, म्हणून त्यात इथिलीन-प्रॉपिलीनचं रबर मिसळतात. प्रिझमियनची पी-लेझर केबल या जातीची. भोसरीकरांच्या ट्रेचा चुलतभाऊच म्हणा.

---

आगाऊ_आत्मा | शुक्रवार, सकाळी ९:२५

केबलकाका, घारापुरीला समुद्राखालून केबल गेलीय ना? तिच्यावर वर पाण्याचा एवढा दाब. ताईंच्या हिशेबाने तिचं प्लास्टिक आतून बदलत असेल की. (या वेळी प्रश्न खरा आहे.)

---

केबलपुराण | शुक्रवार, दुपारी ४:१५

प्रश्न खरा असल्याबद्दल अभिनंदन. २०१८ मध्ये महावितरणची २२ केव्हीची, साडेसात किलोमीटरची केबल घारापुरीला गेली आणि बेटावर कायमची वीज आली. पाण्याच्या दाबाचा हिशेब कर: १०० मीटर खोलीला १० बार, म्हणजे फक्त १ मेगापास्कल. मुंबई बंदरात एवढी खोलीही नाही. ताईंनी मोल्डमध्ये ८० मेगापास्कल सांगितला, त्यापुढे हा काहीच नाही. समुद्रात भीती पाणी आत शिरण्याची आणि जहाजाच्या नांगराची.

आमच्याकडे दाब महत्त्वाचा असतो तो जॉइंटमध्ये. केबलचं एक्सएलपीई आणि जॉइंटचं सिलिकॉन रबर जिथे एकमेकांवर बसतात, तिथे रबर किती घट्ट आवळतंय यावर ती सांध्याची जागा किती व्होल्टेज सोसेल हे ठरतं. आवळ कमी, तर मध्ये सूक्ष्म पोकळ्या, पोकळ्यांत डिस्चार्ज, आणि मग पावसाळ्यात रात्री दोनला फोन. रबर वर्षानुवर्षं तापत-निवत राहिलं की आवळ सैल पडते. म्हणून जॉइंट करताना एक्सएलपीईचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा कंटाळा करू नये. नव्या पोरांना हे सांगून सांगून घसा बसला.

---

सीनकाठची | शुक्रवार, रात्री ११:५०

पॅरिसहून वाचतेय, धागा झकास. इथे २०११ ते २०१८ ऑटोलिब नावाची भाड्याच्या विजेच्या गाड्यांची सेवा होती. त्या ब्लूकारमध्ये घन पॉलिमरची बॅटरी होती आणि ती सतत गरम ठेवावी लागायची, म्हणून गाडी उभी असताना प्लगला लावलेली असायची. बॅटरी थंड ठेवावी असंच ऐकत आलोय, मग ही गरम का?

---

विद्युल्लता | शनिवार, सकाळी १०:३०

कारण तिथे इलेक्ट्रॉन नाही, लिथियमचा आयन चालतो, आणि त्याचे नियम जवळपास उलटे आहेत.

त्या बॅटरीत पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि लिथियमचं मीठ यांचं मिश्रण असतं. असं मिश्रण वीज नेतं हे १९७० च्या दशकात राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, बॅटरीत वापरायची कल्पना १९७८ मध्ये आर्मांनी मांडली. आयन कणावरून कणावर उडी मारत नाही. पॉलिमरची साखळी वळवळते आणि त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवते. साखळी गोठलेली असेल तर आयन अडकला. पॉलिएथिलीन ऑक्साइडचे स्फटिक ६५ अंशांच्या आसपास वितळतात. त्याच्या खाली वाहकता अगदी क्षुल्लक, त्याच्या वर शंभर-हजार पटींनी जास्त. म्हणून ब्लूकारची बॅटरी ६०-८० अंशांवर ठेवावी लागायची.

म्हणजे बघा: कार्बनवाल्या मिश्रणात स्फटिक वितळले की वाट तुटते, आयनवाल्यात स्फटिक वितळले की वाट उघडते. दाबाचंही तसंच. बाहेरून दाबल्यावर कार्बनच्या फटी मिटतात आणि वाहकता वाढते. आयनवाल्यात दाबाने मोकळी जागा कमी होते, साखळ्या जखडतात, त्या गोठून काचेसारख्या कडक होतात ते तापमान वर सरकतं आणि वाहकता घटते. एखाद्या अनोळखी काळ्या-पांढऱ्या मिश्रणात वीज कोण नेतंय हे ठरवायचं असेल, तर त्याला दाबून आणि तापवून बघणं हा प्रयोगशाळेतला जुना मार्ग आहे.

यावरून मोल्डरदादांना एक पर्याय सुचतो, पण तो काकांनी सांगावा, धंद्याचं गणित त्यांना माहीत.

---

दाणेवाला | शनिवार, सकाळी ११:४५

ताई कुठे बोट ठेवताहेत ते कळलं. भाऊ, कार्बन सोडून कायमस्वरूपी अँटिस्टॅटिक पॉलिमर वापरायचा. पॉलिइथर आणि पॉलिअमाइडचे तुकडे जोडून केलेला असतो, पेलेस्टॅटसारखे ब्रँड आहेत. तो पॉलिप्रॉपिलिनमध्ये १०-२० टक्के मिसळायचा. वीज आयनच नेतात. यात कार्बनसारखा कडा नाही, उतार आहे, त्यामुळे तुमच्या दहा लाख ते अब्जच्या पट्ट्याचा वरचा भाग गाठायला सोपं जातं. आणि गंमत म्हणजे गेटमधल्या घसटीने तो बिघडत नाही, उलट ओढला जाऊन पृष्ठभागालगत लांब पट्ट्यांसारखा पसरतो आणि काम चांगलं करतो. ज्या वेगाने कार्बनचा घात केला तोच इथे मदतीला. ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रेझिस्टन्स वाढणार नाही, खाली येईल. रंगीत ट्रेही करता येतात, काळाच हवा असं नाही.

वाईट बाजू: महाग आहे. हवेतल्या ओलाव्याचा थोडा परिणाम होतो, म्हणून आयईसीच्या (विजेच्या मानकांची आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीत नमुना २३ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून मोजतात. कोरड्या हवेत पास झाला तर भोसरीच्या पावसाळ्यात चिंता नाही.

दुसरा मार्ग कार्बन ठेवूनच: दोन न मिसळणारे पॉलिमर घ्यायचे. पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिएथिलीन एकत्र केले तर कार्बन पॉलिएथिलीनमध्ये जाऊन बसतो, म्हणजे कमी कार्बनात वाट जुळते. जपानमध्ये सुमितांच्या गटाने १९९१ च्या सुमारास हे नीट दाखवलं. पुढे बेल्जियममधल्या लिएजच्या लोकांनी पॉलिएथिलीन आणि पॉलिस्टायरिनच्या सीमारेषेवरच कार्बन बसवून अर्ध्या टक्क्याच्या आत वाट जुळवली. पण हे कंपाउंडरने करायचं काम, आणि तुमच्या मशीनमधल्या घसटीत ती रचना टिकेल का हे आधी चकतीवर नव्हे, तुमच्याच मोल्डमध्ये बघून घ्या.

---

भोसरीचा_मोल्डर | बुधवार, रात्री ९:५०

मंडळी, अपडेट. स्पीड उतरवला, बॅक प्रेशर जवळजवळ काढलंच, मोल्डला चिलरच्या पाण्याऐवजी गरम पाणी लावलं. तळ आता लाखांत आलाय, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली, आणि भिंती बहुतेक पास! कोपऱ्यातल्या एक-दोन फासळ्या अजून ऐकत नाहीत, तिथे गेटवाल्याला बोलावलंय. सायकल टाइम चांगलाच वाढला, गिऱ्हाइकाशी भावाचं बोलणं चालू आहे. त्याच्या क्यूसीला तळ खालच्या बाजूने जरा निसटला तर चालेल का हेही विचारलंय. कायमस्वरूपी अँटिस्टॅटिकवाल्या दाण्याचा नमुनाही मागवलाय, भाव ऐकून घाम फुटला पण ट्रायल घेणार.

काका, शेवटचा प्रश्न: रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेला माल) आणि नापास ट्रेचा चुरा परत घालू का? माल महाग आहे, टाकवत नाही.

---

दाणेवाला | गुरुवार, सकाळी ६:४५

चुरा स्क्रूमधून जितक्या वेळा जाईल तितक्या फांद्या मोडतील. तेवढाच कार्बन असूनही वाट जुळायला कठीण होत जाईल. आधी थोडा चुरा घालून ट्रे काढा, त्याच कोपऱ्यातल्या फासळ्यांवर मोजा, मगच प्रमाण वाढवा. एकदा चुरा घातलेल्या मालाचा रनर पुन्हा चुऱ्यात टाकू नका, त्याची बादल्यांसाठी वेगळी गोण करा.

आणि मोजताना इलेक्ट्रोड नुसता हाताने दाबून धरू नका. गोल रिंगवाला अडीच किलोचा इलेक्ट्रोड येतो, तो स्वतःच्या वजनावर ठेवायचा. जितका दाबाल तितका आकडा खाली येतो, हे गिऱ्हाइकाच्या क्यूसीलाही माहीत असतं. भिंतीवर तो बसत नसेल तर दोन टोकांचा छोटा प्रोब घ्या, पण त्याची स्प्रिंग दोन्हीकडे सारखीच असायला हवी, तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे.